तांबुळखेडचे आठ खांब

मलकापूरहून बुलढाण्याची एसटी सकाळी निघाली तेव्हा माझ्या मांडीवर नकाशांची लांब नळी होती आणि ती मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. शेजारच्या काकांनी विचारलं, "वर फळीवर ठेवून देऊ का?" मी नको म्हणून मान हलवली. नळीत एका जुन्या देवळाचा नकाशा होता आणि त्या नकाशात एक खोटी गोष्ट होती. ती फक्त मलाच ठाऊक होती, कारण ती मीच काढली होती.

जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे करणाऱ्या पुण्यातल्या एका लहान कार्यालयात मी नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तांबुळखेडच्या लोकांनी त्यांच्या देवळाच्या मोजणीसाठी आमच्याकडे पत्र पाठवलं. मी मूळची मलकापूरची, म्हणजे त्याच जिल्ह्यातली, म्हणून सरांनी मला पाठवलं. देवळाच्या मंडपाला आठ खांब होते. एक खांब मी नीट मोजला. तोवर भोवती तीस-चाळीस माणसं जमली होती. कुणी टेपचं टोक धरायला पुढे येत होतं, कुणी माझी वही वाचत होतं, कुणी विचारत होतं की लग्न झालं का. मला लोकांसमोर काम करता येत नाही. उरलेले सात खांब मी डोळ्यांनी पाहिले, सारखेच वाटले, आणि पुण्याला आल्यावर संगणकात त्याच खांबाची नक्कल सात वेळा चिकटवली. नकाशा सुरेख दिसत होता. सरांनी कौतुकही केलं.

पुढे पिंपळाच्या मुळ्यांनी मंडप कलंडला आणि गावाने तो उतरवला, पुन्हा उभा करायचा म्हणून. आता त्यांचा फोन आला होता. दगडांवर घातलेले नंबर पुसले गेले होते. "पण काळजी नाही मॅडम," फोनवरचा आवाज म्हणाला होता, "तुमचा नकाशा आहे ना."

मोताळा मागे पडलं आणि राजूर घाट लागला. थंडी नुकती सुरू झाली होती. सागाची मोठमोठी पानं वाळून जाळीसारखी झाली होती आणि एसटी वळली की त्यांतून खालचा सपाट मुलूख दिसायचा, कापसाचा, धुरकट. घाट चढून बुलढाणा आलं की हवा बदलते. आम्हा खालच्या, उकाड्यातल्या माणसांना ते लगेच कळतं. स्टँडवर मी चहा घेतला आणि धाडकडे जाणारी जीप धरली. जीप भरली होती, तरी चालक दोन माणसांची वाट पाहत होता आणि आतली माणसं त्याला नावं ठेवत होती.

देऊळघाट गेल्यावर समोरच्या बाईंनी, मेथीच्या जुड्यांची टोपली पायांत धरून, मला विचारलं, "कुठी जाऊन राह्यल्या?"

"तांबुळखेड."

"कोणाच्या घरी?"

"कुणाच्या नाही. देवळाचं काम आहे."

"मंग तुमीच त्या नकाशावाल्या मॅडम," त्या म्हणाल्या आणि अख्खी जीप माझ्याकडे वळली. "उद्या फैसला हाय. दगड जुळले तं जुळले, नाई तं स्लॅब टाकतेत."

"स्लॅबच बरा," मागून एक आवाज आला. "पंखा लावता येते."

"तुले कीर्तनात झोप येते, पंख्याचं काय सांगतं?" बाई मागे न वळता म्हणाल्या. सगळे हसले. मी नळी जवळ ओढली.

फाट्यावर उतरून गावापर्यंत पायी जावं लागतं. दोन्हीकडे तूर पिवळ्या फुलांवर आली होती. वळणावर देऊळ दिसलं. मागच्या वेळी पहिला नजरेत भरला होता तो मंडप. आता नुसता गाभारा उभा होता, काळा, बुटका, आणि त्याच्यापुढे मोकळा ओटा.

या देवळाविषयी लिहिलेलं फार थोडं सापडतं. शिलालेख नाही. लोक हेमाडपंती म्हणतात. घडण यादवकाळातली आहे एवढं सांगता येतं: काळा दगड, सांध्यात चुना नाही, दगडावर दगड आपल्याच वजनाने बसलेला. वरचं विटांचं शिखर बरंच नंतरचं, मूळचं कोसळल्यावर कुणीतरी बांधलेलं. मोगलाई आली, मग निजामाचा अंमल, मग इंग्रजांचा, आणि प्रत्येक राजवटीने देवळाला एखादी दुरुस्ती किंवा एखादी दुर्लक्षाची पन्नास वर्षं दिली. ओट्याच्या फरशीवर वाघबकरीचा पट कोरलेला आहे. मंडपात एके काळी चौथीपर्यंतची शाळा भरायची आणि पावसाळ्यात तिथेच गुरंही बांधली जायची. राजाने बांधलेली देवळं दुसरीकडे आहेत. हे गावाने वापरून वापरून गुळगुळीत केलेलं देऊळ आहे.

समितीचे अध्यक्ष दिनकरभाऊ ओट्यावरच भेटले. पन्नाशीचे शेतकरी, मोजकं बोलणारे. त्यांच्याजवळ हनमंतबाबा बसले होते, सत्तरीपुढचे पाथरवट (दगड घडवणारे कारागीर). मंडप त्यांनीच उतरवला होता आणि नंबरही त्यांनीच घातले होते. कोरीव दगड चोरीला जातात, म्हणून खांबांचे दगड ओट्यावर न ठेवता घरोघरी सांभाळायला दिले होते. फक्त जड तुळया आणि छताच्या शिळा तिथेच, उतरवल्या त्या क्रमाने पडून होत्या.

"चला, दगड दाखवतो," दिनकरभाऊ म्हणाले.

पहिला दगड त्यांच्याच अंगणात होता, तुळशीशेजारी. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, वर शेवंतीची फुलं. दगड इतका स्वच्छ होता की त्यातले बारीक पांढरे कणही दिसत होते. नंबर कुठेच नव्हता.

"चुन्याने लिहिलेला आकडा होता ना इथे?" मी विचारलं.

दिनकरभाऊंच्या पत्नी, सुमनकाकू, पदर सावरत पुढे आल्या. "होता व. पण रोज आंघोळ घातली ना त्याले. देवाचा दगड घरी आला, तो पारोसा ठेवाचा का?"

ज्या ज्या घरी गेलो तिथे हेच. कुठे रोज तांब्याभर पाणी, कुठे सणाला दूध, एका घरी दिवाळीत अभ्यंगाचं तेल आणि उटणंसुद्धा. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. उलट दगड किती छान ठेवलाय हे दाखवायला प्रत्येक घर उत्सुक होतं.

"म्या म्हणलं होतं, ऑइलपेंटनं लिवतो," हनमंतबाबा वाटेत म्हणाले. "पुण्याहून हुकूम आला, ऑइलपेंट नोको, दगड खराब होते. चुन्यानं लिवा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तो हुकूम फोनवर मीच कळवला होता.

"फोटो काढले असतील ना?" मी विचारलं.

फोटो शंभरएक होते. प्रत्येकात पाच-सात माणसं हार घालून ओळीने उभी होती आणि खांब त्यांच्या पाठीमागे झाकलेले होते.

दुपारी सुमनकाकूंनी जेवायला वाढलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर (ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली), कांद्याची पात, मिरचीचा ठेचा. आमच्या घरीही असंच भरीत होतं, पण तेवढं झणझणीत नाही. एरवी मी दोन भाकरी खाल्ल्या असत्या. सुमनकाकू म्हणाल्या, "चव नाई का आवडली?" मी म्हटलं, फार आवडली. अर्धी भाकर तशीच राहिली.

उन्हं कलल्यावर मी ओट्यावर गेले. हनमंतबाबा एकटेच होते, छिन्नीची धार बोटाने पाहत. त्यांनी मला खांबांविषयी सांगितलं. आमच्या अभ्यासक्रमात मी सगळे शब्द इंग्रजीतून शिकले होते. त्यांच्याकडे खांबाचे चार भाग होते: बैठक, दांडा, मान आणि टोपी. टोपीवर तुळई बसते.

"आठ खांब आठ जणाइनं घडवले असतीन," ते म्हणाले. "वरून सारखे दिसतेत. पण कोणाचा दांडा बोटभर उंच, कोणाची बैठक तेवढीच कमी. एक गडी तं डावखुरा होता. त्याच्या खांबावर छिन्नीचे घाव उलटे पडेल हायत. याची बैठक त्याले लावली का तुळई डुलते. तुया नकाशात मापं असतीनच सगळ्याइचे."

मी नळीचं झाकण उघडलं नाही. "बाबा, मी एकच खांब मोजला होता. बाकीचे सात त्याच्यावरून काढले."

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. "काऊन?"

"लोक बघत होते. मला लाज वाटली."

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं रागावतील. मंडप पुन्हा उभा करणं हे त्यांचं शेवटचं मोठं काम होतं, हे मला सुमनकाकूंनी जेवताना सांगितलं होतं. एका डोळ्याने त्यांना आता धूसर दिसत होतं.

"लोकं तं उद्या बी पाह्यतीन," ते म्हणाले.

रविवारी सकाळी ओट्यावर सतरंज्या अंथरल्या होत्या. पुरुष पुढे, बायका कडेने, काही जण कडुनिंबाखाली उभे. दिनकरभाऊंचे चुलतभाऊ, गजूभाऊ, बांधकामं करतात. ते म्हणाले, "माह्याइतकं देऊळ कोणाले प्यारं नाई. पण आकडे गेले. आता अंदाजानं खांब उभे केले आन् उद्या लेकराच्या डोस्क्यावर शिळा पडली तं? स्लॅब टाका, मोकळे व्हा." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. बऱ्याच माना हलल्या.

मग दिनकरभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमचा नकाशा दाखवा."

मी उभी राहिले. नकाशा उलगडला, दोन टोकांवर दोन दगड ठेवले आणि जे बाबांना सांगितलं होतं तेच सांगितलं. आवाज इतका लहान निघाला की मागच्यांना पुढच्यांनी सांगावं लागलं. माझी चूक माझ्यासमोर ओळीओळीने मागे जाताना मी ऐकली.

"पुण्याच्या शाळंत हेच शिकवतेत का?" कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात कडेने एक म्हातारी पुढे सरकली. जनाक्का त्यांचं नाव. नकाशावर वाकून त्यांनी विचारलं, "कोणता मोजला व माय तू? बोट ठेव."

मी डावीकडच्या रांगेत, दाराकडून दुसऱ्या खांबावर बोट ठेवलं.

"तो तं आमचा."

"आमचा म्हणजे?"

"भंडाऱ्याच्या पंगतीले आमची भावकी त्याच्यापाशीच बसते. मी नवरी आली तवापासून त्याले पाठ लावून जेवली. खालून एक टवका निंगेल हाय, तो टोचते."

"तुमच्या अंगणात कुठले दगड आहेत?" मी विचारलं.

"आमचेच. दुसऱ्याचे कायले नेऊ?"

ओट्यावर सगळे एकदम बोलायला लागले. दगड जवळच्या घरी न्या, असं समितीने सांगितलं होतं. पण लोकांनी तसं केलंच नव्हतं. ज्या खांबापाशी ज्या भावकीची पंगत बसते, त्या खांबाचे चारही दगड त्या भावकीने नेले होते. हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं. दिनकरभाऊंचा उजवीकडचा तिसरा. गजूभाऊ त्याच भावकीतले, त्यांनीही मान डोलावली. मी पेन्सिल काढली आणि एकेका खांबाशेजारी घराचं नाव लिहीत गेले. दोन घरांत एका कोपऱ्यावरून थोडं वाजलं. "तुमी कढीपाशी बसता, आमी भाताच्या बाजूले," यावर ते मिटलं.

सात नावं झाली. दाराजवळचा डावा खांब राहिला.

"हा कुणाचा?" मी विचारलं. पुढे बसलेली काही माणसं सतरंजीकडे पाहू लागली.

"त्याच्यापाशी पंगत नसते," दिनकरभाऊ शेवटी म्हणाले.

"तो आमच्याकडं हाय," कडुनिंबाखालून आवाज आला. पांढऱ्या लुगड्यातल्या सुभद्राबाई. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आहे, तिथल्या. त्यांच्या मुलाच्या ट्रॅक्टरनेच सगळे दगड घरोघरी पोचवले होते. "सगळ्याइनं आपापले उतरून घेतले. हे चार ट्रॉलीत राह्यले. पोरगं म्हणे, आता याइचं काय करू? म्या म्हणलं, उतरव आपल्या दारात."

"तुमीच काऊन व?" जनाक्कांनी विचारलं.

सुभद्राबाईंनी आवाज चढवला नाही. "माही सासू सांगे, पंगत उठली का त्या खांबाच्या भाएर उभं राहाचं. मंग वरून वाढत. आमाले दुसरा कोणता खांब ठाऊक असन?"

मी त्या खांबाशेजारी पेन्सिल टेकवली होती, ती तशीच राहिली.

आम्ही सगळेच त्यांच्या घरी गेलो. दाराशेजारी पत्र्याखाली चार दगड ओळीने ठेवलेले होते, वर पोती झाकलेली. सुभद्राबाईंनी पोतं उचललं. दगडावर धूळ होती, आणि धुळीखाली चुन्याने लिहिलेलं स्पष्ट दिसत होतं: खांब एक, बैठक. पुढचा: खांब एक, दांडा.

हनमंतबाबा खाली बसले आणि चांगला डोळा आकड्याजवळ नेऊन हसले. "माह्यंच अक्षर हाय."

"आमी काई पाणीबिणी घातलं नाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "दगड हाय तो. सांभाळाले देल्ला, सांभाळला."

सुमनकाकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आमी तं लईच सांभाळला," आणि पदर तोंडाला लावून हसल्या. सुभद्राबाईही हसल्या.

दिनकरभाऊंनी तिथेच सांगितलं: गुरुवारपर्यंत दोन खांब आणि त्यांच्यावरची तुळई उभी करून दाखवा. नीट बसली तर दगड, नाहीतर स्लॅब. गजूभाऊंनी त्यांची साखळीची घोडी (जड दगड उचलण्याची तिपाई) वापरायला दिली. "हरलो तरी माह्याच घोडीनं," ते म्हणाले.

चार दिवस मी मोजत होते. ट्रॉली एकेका घरून दगड घेऊन यायची आणि मी टेप लावायचे. माणसं पहिल्यापेक्षा जास्त जमत. टेपचं दुसरं टोक जनाक्का धरत आणि कुणी माझ्या वहीत डोकावलं की त्यालाच आकडा मोठ्याने वाचायला लावत. डावखुऱ्या कारागिराचा खांब सापडला, दिनकरभाऊंच्या घरचा. त्याच्यावरचे उलटे घाव मी बोटांनी चाचपून पाहिले. लाज गेली नाही, पण तिच्यासकट काम होत होतं. मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नवीन काढ. सगळे."

हनमंतबाबांनी दाराजवळच्या डाव्या खांबापासून सुरुवात केली. दुसरीकडून करता येणारच नव्हती. ज्याच्या चारही दगडांविषयी शंका नव्हती असा तोच एक होता. त्याचा ओळंबा धरून बाकीच्या सातांची रेघ ठरणार होती. बैठक बसली, दांडा उतरला, मान, मग टोपी. सुभद्राबाई ओट्याच्या कडेला उभ्या होत्या. बाबा म्हणाले, "वर या व बाई. तिकडून सरळ हाय का वाकडं, कसं दिसन?" त्या वर आल्या, खांबाच्या आतल्या बाजूने उभ्या राहिल्या आणि बराच वेळ वर पाहून म्हणाल्या, "सरळ हाय."

गुरुवारी दुपारी शेजारचा, जनाक्कांचा खांब उभा राहिला आणि साखळीवरून तुळई दोन टोप्यांवर उतरली. हनमंतबाबांनी ज्वारीचं वाळलेलं पान घेतलं आणि सांध्यात सरकवायला पाहिलं. पान गेलं नाही. त्यांनी ते गजूभाऊंच्या हातात दिलं. गजूभाऊंनी चारही बाजूंनी करून पाहिलं, एकदा खाली बसून, एकदा शिडीवर चढून. मग पान टाकून दिलं.

"बसली," ते म्हणाले. "पंख्याचं मंग पाहू."

त्याच संध्याकाळी मी निघाले. निघण्यापूर्वी सुभद्राबाईंना विचारलं, नकाशावर सात खांबांशेजारी घरांची नावं लिहिलीत, तुमच्या खांबाशेजारी काय लिहू? त्यांनी माझ्या पेन्सिलीकडे पाहिलं. "माह्या सासूचं नाव लिव," त्या म्हणाल्या. "पार्वती." मी लिहिलं.

घाट उतरताना खाली मोताळ्याचे दिवे लागत होते. मी विचार करत होते त्या आठ जणांचा, ज्यांनी एकाच ओट्यावर बसून एकसारखे खांब घडवायचा प्रयत्न केला आणि ज्यांना ते जमलं नाही. त्यांच्यानंतर शेकडो वर्षं माणसं येऊन त्या खांबांना टेकली, काही बाहेर उभी राहिली, आणि प्रत्येकाला आपला खांब बरोबर ओळखता येत होता. सारखे दिसले होते ते फक्त मला.

नवा नकाशा पूर्ण करायला तीन आठवडे लागले. पाठवला त्याच दिवशी सरांचा फोन आला.

"फाइल फार जड झालीय. आधीची केवढीशी होती. काही चुकलं का?"

"नाही सर," मी म्हटलं. "आता आठ खांब आहेत."